नाशिकमध्ये टॉवरमध्ये घर घेताय? आधी जमीन बघा, मग मजला

महिन्यातून एक-दोन फोन तरी येतातच. कुणाची मुंबईहून बदली झालेली असते, कुणी निफाड-दिंडोरीकडची थोडी जमीन विकून मुलांच्या कॉलेजसाठी शहरात यायचं म्हणत असतं. "ताई, चौदावा मजला मिळतोय. बाल्कनीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. टोकन देऊन टाकू का?" मी विचारते, "समोरचा रस्ता किती मीटरचा आहे? सातबारा कुणाच्या नावावर आहे? पावसाळ्यात तिथे जाऊन आलास का?" पलीकडे एकदम शांतता.

एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बांधकाम मंजुरीच्या फायली सांभाळण्यात माझी पंधरा वर्षं गेली. नकाशे दाखल करणं, त्रुटी दूर करणं, दाखले आणणं हेच काम. त्यामुळे फ्लॅट पाहायला गेले की माझं लक्ष आधी खाली जातं, मग वर. फोनवर तुकड्यातुकड्यांत जे सांगत आले, ते इथे क्रमाने लिहिते आहे. नाशिकमध्ये पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांसाठी, आणि त्यातही उंच इमारतीत घेणाऱ्यांसाठी.

इमारती एवढ्या उंच का झाल्या, ते आधी समजून घ्या

हे शहर बंगल्यांचं, रो-हाऊसचं आणि खाली पार्किंग, वर चार मजले अशा इमारतींचं होतं. कॉलेज रोड, महात्मानगर, इंदिरानगर या भागांत आजही ते दिसतं. मग २ डिसेंबर २०२० रोजी राज्य सरकारने एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली आणि मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक महापालिकांना एकच नियम लागू झाला.

एफएसआय म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण. या नियमावलीत मूळ एफएसआय १.१० आहे. त्यावर पैसे भरून प्रीमियम एफएसआय घेता येतो आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा हस्तांतरित होणारा बांधकाम हक्क, विकत घेऊन चढवता येतो. किती चढवायचा ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. ३० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर हा आकडा ३ पर्यंत जातो, आणि निवासी इमारतीला त्याच्यावर आणखी ६० टक्के अनुषंगिक (जिना, लिफ्ट, बाल्कनी अशा भागांसाठीचा) एफएसआय मिळतो. हिशेब करून पाहा. दहा गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. नुसत्या मूळ एफएसआयवर तिथे १,१०० चौरस मीटर बांधकाम होतं. सगळं चढवलं तर ४,८०० होतं. जमीन तेवढीच, माणसं चौपट.

हा हिशेब मी मुद्दाम सांगते, कारण गल्ली, नाला, पाण्याची पाइपलाइन आणि शाळेसमोरचा चौक हे सगळं आधीच्या माणसांच्या मापाने घातलेलं आहे. उंच इमारतींना माझा विरोध नाही. द्राक्षबागा आणि मळे खात शहर आडवं पसरण्यापेक्षा ते थोडं वर गेलेलं मला बरं वाटतं. फक्त ते पुरेशा रुंद रस्त्यावर आणि पुरेशा पाण्यावर उभं राहायला हवं, आणि तुम्ही घेताय ती इमारत तशी उभी आहे का, हे तुम्हालाच बघायचं आहे.

म्हणून साइटवर गेलात की पहिल्यांदा रस्ता पावलांनी मोजा. एक मोठं पाऊल म्हणजे अंदाजे पाऊण मीटर. नकाशात १२ मीटर लिहिलेला रस्ता जागेवर सहा मीटरचा असेल आणि उरलेल्या भागात शेजाऱ्याचा मळा उभा असेल, तर तो रस्ता अजून ताब्यात आलेला नाही, हे समजून घ्या. 'डीपी रोड टच' (विकास आराखड्यातल्या रस्त्याला लागून) ही पाटी नाशिकमध्ये सगळ्यात जास्त फसवते. विकास आराखड्यात रेघ असणं आणि जागेवर डांबर असणं यांच्यात कधीकधी वीस वर्षं जातात.

पहिली पायरी: पाणी

यावर मी थोडी जास्त थांबणार आहे.

नाशिकला पिण्याचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं. त्याची साठवण सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट आहे आणि त्यात शेतीचा वाटाही असतो. मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं. नाशिकरोडचा काही भाग दारणेवर, चेहेडीच्या बंधाऱ्यावर अवलंबून आहे. तुमची इमारत यांपैकी कोणत्या पाण्यावर आहे, त्या भागाचा जलकुंभ कुठे आहे आणि पाणी दिवसातून किती वेळ येतं, हे विचारा. मात्र सेल्स ऑफिसात विचारू नका.

शेजारच्या दोन-तीन वर्षं जुन्या इमारतीच्या वॉचमनला विचारा. "काका, मे महिन्यात टँकर लागतो का हो?" एवढा एकच प्रश्न पुरे. तो दिवसाला किती टँकर येतात, कुणाकडून येतात आणि पैशांवरून मिटिंगमध्ये कोण भांडतं, हे सगळं सांगतो. मी आजवर विचारलेल्या एकाही वॉचमनने मला खोटं सांगितलेलं नाही.

आकडा डोक्यात ठेवा. माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं नेहमीचं माप. १५० फ्लॅटचा टॉवर आणि घरटी पाच माणसं धरली, तर रोज एक लाख लिटर लागतं. दहा हजार लिटरचे दहा टँकर. नळाचं पाणी यातलं किती भागवणार, हे लेखी मागा. महापालिका हद्दीबाहेरच्या प्रकल्पात तर हे विचारायलाच हवं. आडगाव, म्हसरूळ, पाथर्डी, गंगापूर गाव यांच्या पुढे हद्द कुठे संपते ते नकाशावर पाहा. हद्दीबाहेर मंजुरी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची असते, महापालिकेची नाही. तिथे 'लवकरच मनपा लाइन' या आश्वासनावर घर घेऊ नका. बोअर किती फुटांवर आहे आणि उन्हाळ्यात चालतं का, ते विचारा. आपल्याकडचा कातळ बेसॉल्टचा आहे. एका बोअरला भरपूर पाणी आणि पन्नास फुटांवरच्या दुसऱ्याला नुसती धूळ, असं इथे नेहमी होतं.

पाण्याची दुसरी बाजू: पूर

बाहेरून आलेल्यांना हे माहीत नसतं. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे. पूर आला की नाशिककर विचारतात, "पाणी मारुतीच्या कुठवर आलंय?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले, त्यांच्या बोलण्यात ही मापं अजून येतात. पण फक्त गोदावरीकडे बघून भागत नाही. नासर्डी, म्हणजे आताची नंदिनी, सातपूर-उंटवाडी-तिडके कॉलनी-मुंबई नाका असा भरवस्तीतून प्रवास करते. पंचवटीच्या बाजूला वाघाडी आहे, पाथर्डी-विहितगावकडे वालदेवी. उन्हाळ्यात या नद्या नाल्यांसारख्या दिसतात आणि म्हणूनच त्यांच्या काठावर घर घेताना कुणाला भीती वाटत नाही.

जलसंपदा विभागाच्या दोन पूररेषा असतात. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध मानला जातो, निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम होतं. तुमचा टॉवर दुसऱ्या पट्ट्यात असेल तर चौदाव्या मजल्यावर पाणी येणार नाही, हे खरं. पण तळघरातल्या तुमच्या गाडीत, मीटर रूममध्ये, जमिनीखालच्या टाकीत आणि लिफ्टच्या खड्ड्यात ते येईल. मीटर रूम आणि जनरेटर कोणत्या पातळीवर आहेत, हे विचारणारा ग्राहक मला फार क्वचित भेटला. तुम्ही विचारा.

शक्य असेल तर निर्णय जुलै-ऑगस्टवर ढकला. त्र्यंबकच्या बाजूने सर चढून आली की पश्चिमेच्या भिंती कशा भिजतात, रस्त्यावर कुठे तळं होतं, पार्किंगच्या उतारावरून पाणी आत येतं की बाहेर जातं, हे एका पावसाळी संध्याकाळी दिसतं. पाथर्डी-विल्होळी भागात घर बघत असाल तर शहराच्या कचऱ्यापासून खत करणाऱ्या प्रकल्पाकडून वारा वाहत असताना जाऊन या. तो कचरा हा काही किरकोळ विषय नाही. २०१५ मध्ये घनकचऱ्याच्या प्रश्नावरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने शहरातल्या नव्या बांधकाम परवानग्यांवर निर्बंध आणले होते आणि आमच्या ऑफिसातल्या फायली महिनोन्‌महिने कपाटात पडून होत्या.

जमिनीचंही विचारा. नाशिकच्या नव्या वस्त्यांपैकी बऱ्याच जागा काल-परवापर्यंत शेतं होती, आणि काळी माती पाण्यात फुगते, उन्हात आकसते. टॉवरचा पाया खाली कातळापर्यंत जातो, त्यामुळे मुख्य इमारतीची काळजी तुलनेनं कमी. खचतं ते भोवतालचं. कंपाउंडची भिंत, पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजची लाइन, बागेची जागा, कारण ते सगळं भरावावर बसवलेलं असतं. माती परीक्षणाचा अहवाल मागा आणि भराव किती फुटांचा आहे ते विचारा.

दुसरी पायरी: जमिनीचे कागद

सातबारा किंवा मिळकत पत्रिका ऑनलाइन मिळते. त्यावर तीन गोष्टी बघा: मालकाचं नाव, इतर हक्कांच्या रकान्यात बोजा किंवा दावा आहे का, आणि भूधारणा वर्ग १ आहे की वर्ग २. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरण अडतं, म्हणून ती परवानगी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुष्कळदा जमीन शेतकऱ्याचीच असते आणि बिल्डरकडे फक्त विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र असतं. त्यात काही गैर नाही. फक्त करारात कुटुंबातल्या सगळ्यांच्या सह्या आहेत ना, बहिणींच्या सह्या आहेत ना, ते वकिलाकडून तपासा. आमच्या भागात सगळ्यात जास्त दावे बहिणींची नावं वगळल्यामुळे उभे राहिलेले मी पाहिले, आणि त्या बहिणींचं म्हणणं दर वेळी रास्त होतं.

सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा शोध अहवाल, ३० वर्षांचा घ्या. वकील तुमचा हवा, बिल्डरने सुचवलेला नको. बँकेने प्रकल्पाला कर्ज मंजूर केलंय म्हणजे टायटल स्वच्छ आहे, असं समजू नका. बँक तिच्या पैशांपुरतं बघते.

मग झोन दाखला (जागा निवासी, शेती की आणखी कशासाठी आहे ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा पाहा. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काय आरक्षण आहे ते त्यात कळतं. 'समोर कायम मोकळं राहणार' असं सांगितलेली जागा आराखड्यात निवासी असेल, तर तिथेही एक टॉवर येणार, हे धरून चाला. तपोवनाच्या बाजूला साधुग्रामच्या, म्हणजे कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाच्या, जागा आहेत आणि २०२७ च्या सिंहस्थामुळे त्या भागात रस्त्यांची, घाटांची कामं सुरू आहेत. तिकडे घर बघताना आरक्षणं आणि भूसंपादन जरा जास्त काळजीने तपासा. गांधीनगरची लष्करी धावपट्टी आणि देवळाली छावणी यांच्या जवळच्या उंच इमारतींना संरक्षण खात्याच्या ना-हरकतीचा प्रश्न येतो. ते पत्र फाइलमध्ये आहे का, आणि त्यात किती मीटर उंची लिहिली आहे, हे बघा. सिडकोत घर घेत असाल तर जमीन भाडेपट्ट्याची आहे का, ते विचारा.

तिसरी पायरी: महारेरा

महारेरा म्हणजे राज्याचं गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारं प्राधिकरण. त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्प तपासणं सोपं आहे आणि फुकट आहे, तरी लोक करत नाहीत. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील, तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असायलाच हवा. मोबाइलने तो स्कॅन करा. जुन्या क्रमांकांत नाशिकचे क्रमांक पी ५१६ ने सुरू होतात. जाहिरात नाशिकची आणि क्रमांक दुसऱ्याच जिल्ह्याचा असेल तर तिथेच थांबा.

आत गेल्यावर काय वाचायचं? मंजूर नकाशा, किती मजल्यांना परवानगी मिळाली आहे, पूर्णत्वाची तारीख आणि ती किती वेळा पुढे ढकलली आहे, न्यायालयीन दावे, प्रकल्पावरचं कर्ज, आणि दर तिमाहीचा प्रगती अहवाल. एक गोष्ट फार महत्त्वाची. ब्रोशरमध्ये २२ मजले आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रात १२, असं सर्रास असतं. वरचे दहा मजले नंतर टीडीआर चढवून मंजूर करून घ्यायचे, असा बेत असतो. तुम्हाला चौदाव्याचं स्वप्न दाखवत असतील आणि चौदावा अजून कागदावर नसेल, तर एक रुपयाही देऊ नका.

चौथी पायरी: नकाशा आणि मापं

भाव नेहमी कार्पेटवर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या क्षेत्रफळावर, काढा. समजा १,१५० फूट सांगितले आणि कार्पेट निघालं ७८०. म्हणजे लोडिंग (कार्पेटवर चढवलेली जास्तीची जागा) जवळजवळ ४७ टक्के. करारात आकडा चौरस मीटरमध्ये असतो, एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. मग 'बाल्कनीसकट कार्पेट' हा शब्द कुणी वापरला तर दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून मागा.

सॅम्पल फ्लॅटमध्ये टेप घेऊन जा. तिथली फर्निचरं कधीकधी नेहमीपेक्षा छोटी बनवलेली असतात आणि दारंही लावलेली नसतात, म्हणून खोली मोठी वाटते. मंजूर नकाशातलं माप हेच खरं. नाशिककरांना हे कपाटांच्या प्रकरणाने शिकवलं. २०१५ नंतर खोलीत घेतलेली कपाटं एफएसआयमध्ये धरायची की नाही यावरून शेकडो इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले आणि त्या घरांत राहणाऱ्यांची काही चूक नसताना त्यांची कर्जं, नळजोड, विक्रीचे व्यवहार अडून बसले. मंजूर नकाशात बाल्कनी आणि जागेवर बेडरूम, असं दिसलं की ते प्रकरण आठवा.

उंच इमारतीत आणखी काही गोष्टी बघायच्या. किती फ्लॅटना मिळून किती लिफ्ट आहेत. त्यात स्ट्रेचर मावेल अशी एक तरी आहे का. २४ मीटरच्या वर गेलेल्या इमारतीला आग लागल्यावर थांबण्यासाठी मोकळी जागा ठेवावी लागते, ती कोणत्या मजल्यावर आहे आणि तिला ग्रिल लावून कुणी खोली तर केलेली नाही ना. अग्निशमन दलाची गाडी इमारतीला वळसा घालू शकेल एवढी मोकळी जागा आहे का. बिल्डरची आधीची एखादी उंच इमारत असेल तर तिथे जाऊन जिन्यातलं होज रीलचं कपाट उघडा. पाइप जागेवर आहे की नाही, हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि माणसाचा स्वभाव कळतो.

पार्किंग मेकॅनिकल असेल तर तुमची गाडी त्यात उंचीने बसते का ते मोजा. पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी आणि उंची करारात लिहून घ्या. 'नंतर ठरवू' म्हटलेल्या पार्किंगवरून शेजाऱ्यांची तोंडं वर्षानुवर्षं वाकडी राहतात.

पाचवी पायरी: पैशांचा खरा आकडा

कॉस्ट शीट मागा आणि घरी आणून शांतपणे वाचा. बांधकाम चालू असलेल्या घराला जीएसटी ५ टक्के लागतो. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट नाशिकसारख्या शहरात ९० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का. भोगवटा दाखला (इमारत राहायला योग्य असल्याचा मंजुरी देणाऱ्या संस्थेचा दाखला) मिळाल्यावर घेतलेल्या घराला जीएसटी नाही. म्हणजे ६० लाखांच्या घरात सरळ तीन लाखांचा फरक. दाखला मिळालेलं घर थोडं महाग वाटलं तरी हे तीन लाख आणि वाट बघण्यातलं घरभाडं धरून तुलना करा. मला विचाराल तर नोकरदार माणसाने, ज्याला भाडं आणि हप्ता दोन्ही झेपत नाही त्याने, तयार घरच घ्यावं.

नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. मुद्रांक शुल्क करारातली किंमत किंवा वार्षिक मूल्यदर तक्त्यातली किंमत, यांत जी जास्त असेल तिच्यावर लागतं. त्याचा दर त्या दिवशी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहा, एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत मिळते. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर बिल्डरला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्हाला कापून भरायचा असतो. तो जास्तीचा खर्च नाही, किमतीतूनच वजा होतो, पण भरायचा राहिला तर दंड तुम्हाला बसतो.

यावर एमएसईबी (वीजजोडणी), क्लब हाउस, कॉर्पस (इमारतीची राखीव ठेव), दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स अशी यादी येते. प्रत्येक ओळीपुढे 'कशासाठी' ते विचारा. टॉवरचा मेंटेनन्स चार मजली इमारतीसारखा नसतो. लिफ्ट, पंप, जनरेटर, सांडपाणी प्रकल्प, फायर सिस्टीम हे सगळं रोज चालवावं लागतं. पुढच्या दहा वर्षांत हा खर्च घरातल्या कुणाच्या पेन्शनमधून जाणार असेल तर आत्ताच विचार करा.

सहावी पायरी: टोकन आणि करार

नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा कायदा आहे. 'आजच चेक दिला तर हा रेट' असं म्हणणाऱ्याला मी नेहमी उद्या येते म्हणते. तो रेट उद्याही असतो. टोकन दिलंच तर ॲलॉटमेंट लेटर घ्या. महारेराच्या नमुन्यानुसार १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केलं तर काहीही कापून घेता येत नाही.

कराराचा मसुदा किमान आठ दिवस आधी मागा. नमुना करारात हप्ते बांधकामाशी जोडलेले आहेत: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब झाल्यावर ७० पर्यंत, आणि पुढे भिंती, प्लास्टर, लिफ्ट असं करत शेवटचे ५ टक्के भोगवटा दाखल्यानंतर ताब्याच्या वेळी. टॉवरमध्ये स्लॅबचे हप्ते भराभर येतात, ॲल्युमिनियम फॉर्मवर्कने काम चाललं असेल तर अजूनच. बँकेचं वाटप त्या वेगाने होईल का, ते आधी बोलून घ्या.

करारात ताब्याची तारीख महिना-वर्षासह हवी. उशीर झाला तर पैसे व्याजासह परत मागण्याचा किंवा ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेण्याचा हक्क तुमचा आहे. व्याज स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआरपेक्षा (कर्जाच्या पायाभूत दरापेक्षा) २ टक्के जास्त दराने. तक्रारीची फी ५,००० रुपये आहे, आणि त्याआधी सलोखा मंचाचाही मार्ग आहे.

सातवी पायरी: ताबा

इथे माझी स्वतःची चूक सांगते. मी स्वतः याच कामात असूनही, मुलीची शाळा सुरू होणार म्हणून, भोगवटा दाखला नसताना ताबा घेतला. बिल्डर म्हणाला, "महिनाभरात येतोय." दोन वर्षं लागली. तोवर कायमचा नळजोड नव्हता, बांधकामाच्या मीटरचं वीजबिल वाटून भरत होतो, आणि उन्हाळ्यात सकाळी सहाला टँकरचा आवाज आला की आई बादल्या घेऊन उठायची. तिला सत्तराव्या वर्षी ते करायला लावलं, याचं मला आजही वाईट वाटतं. भोगवटा दाखला हातात आल्याशिवाय किल्ली घेऊ नका. 'फर्निचरसाठी ताबा' या नावाखालीसुद्धा नको.

दाखल्याबरोबर अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला, विद्युत निरीक्षकांचा लिफ्टचा परवाना आणि तुमच्या नावाचं महावितरणचं मीटर पाहा. मग घरात एक तास घालवा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे वळतं का बघा. सगळे नळ एकदम सोडा, वरच्या मजल्यांवर दाब कमी पडतो तो तेव्हाच कळतो. खिडक्यांच्या खालच्या चौकटीला पाणी बाहेर जायला भोकं आहेत का ते बघा. वरच्या मजल्यावर पाऊस आडवा येतो आणि तो तिथूनच आत शिरतो. प्रत्येक प्लगमध्ये चार्जर लावून पाहा. टाइल्सवर नाण्याने टकटक करा, पोकळ आवाज आला तर खडूने खूण करा. यादी ईमेलने पाठवा, तोंडी नको.

त्यानंतरची कामं

घरपट्टीला नाव लावा. सूची क्रमांक दोनची (करार नोंदवल्याच्या सरकारी उताऱ्याची) प्रत आणि मूळ करार जपून ठेवा.

तुमची इमारत सोसायटी होणार की अपार्टमेंट, ते करारातच लिहिलेलं असतं. नाशिकमध्ये १९७० च्या कायद्याखालची अपार्टमेंटं बरीच आहेत. त्यात घोषणापत्र नोंदवलं जातं आणि प्रत्येक फ्लॅटचं वेगळं अपार्टमेंट डीड होतं. ते डीड करायचं राहून गेलं तर फ्लॅट विकताना धावपळ होते. सोसायटी असेल तर जमीन तिच्या नावावर करून घेण्याचं काम, म्हणजे कन्व्हेयन्स, पहिल्या मिटिंगपासून विषयपत्रिकेवर ठेवा. मोकळ्या जागेवर पुढे आणखी एखादी विंग उभी राहू नये असं वाटत असेल तर हे काम टाळू नका. आग प्रतिबंधक यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचं असतं. त्याची जबाबदारी कमिटीतल्या एका माणसाकडे नावानिशी द्या.

आणि ताब्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिथून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरला तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यावा लागतो. दर जुलैमध्ये पश्चिमेच्या भिंतीचा, बाथरूमखालच्या छताचा आणि पार्किंगच्या बीमचा एकेक फोटो काढा, ओल दिसली तर त्याच आठवड्यात लेखी कळवा आणि पोचपावती घ्या. पाचव्या पावसाळ्यानंतर इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून एकच एकत्र यादी द्या. एकट्या फ्लॅटचं पत्र टेबलावर पडून राहतं, ऐंशी सह्यांचं पत्र आल्यावर माणूस शिडी घेऊन येतो.